इंजिन पाठीमागे, दर्दी पुढे

१८ जुलै २०१९ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या टस्टिन गावी शेव्हरोलेने नव्या कॉर्व्हेटवरचा पडदा काढला. जागा मोठ्या हिकमतीने निवडली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाची गॅसवर तरंगणारी हवाई जहाजं ठेवण्यासाठी बांधलेलं ते अवाढव्य लाकडी हँगर होतं. आखूड नाकाची, भरलेल्या पाठीची गाडी समोर आली तेव्हा तिचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे, काचेखाली दिसत होतं. १९५३ पासून विकली गेलेली प्रत्येक कॉर्व्हेट पुढे इंजिन घेऊन धावली होती. तो शिरस्ता त्या संध्याकाळी मोडला. किंमत साठ हजार डॉलरच्या आत सुरू होईल, हे कळल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

पण कॉर्व्हेटवाल्यांचे दोन तट पडले ते पडलेच. लांब नाक गेलं म्हणजे कॉर्व्हेटच गेली, ही तर फेरारीची स्वस्त नक्कल, असं एका बाजूचं म्हणणं. साठ वर्षं उशीर झाला, पण झाली एकदाची, असं दुसऱ्या बाजूचं.

पहिल्यांदा इंजिनाची बाजू. मागच्या चाकांवर चालणारी गाडी झपकन सुटते तेव्हा तिचा भार मागे झुकतो. इंजिन पुढे असेल तर मागच्या टायरांवर मुळात वजनच कमी. ताकद वाढवत नेली की टायर धूर काढत जागच्या जागी फिरतात आणि गाडी पुढे सरकत नाही. सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटमधली सगळ्यांत ताकदवान झेडआर-वन ७५५ हॉर्सपॉवरची होती. शून्यापासून ताशी ९७ किलोमीटरचा वेग गाठायला कंपनीच्या आकड्यानुसार तिला २.८५ सेकंद लागत. दर्दी जिला 'सी-एट' म्हणतात त्या आठव्या पिढीच्या साध्या कॉर्व्हेटने, वेगासाठीचं जास्तीचं पॅकेज घेऊन, ४९५ हॉर्सपॉवरवर आणि जवळपास निम्म्या किमतीत, तेच काम २.९ सेकंदांत केलं. ताकद २६० हॉर्सपॉवरनी कमी आणि वेळ जेमतेम पाच शतांश सेकंदांनी जास्त. शिवाय ड्रायव्हरची जागा सुमारे ४२ सेंटिमीटर पुढे सरकली, त्यामुळे तो पुढच्या चाकांच्या बराच जवळ बसतो आणि रस्ता नाकासमोरून उतरतो. या हिशेबापुढे लांब नाकाची बाजू लंगडी पडते.

कॉर्व्हेटसाठी हा हिशेब फार आधी मांडला होता झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी. ब्रुसेल्समध्ये जन्मलेले, रशियात वाढलेले हे इंजिनिअर जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पहिली कॉर्व्हेट पाहून तिच्या रूपावर भाळले आणि त्याच वर्षी शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्समध्ये रुजू झाले. त्या देखण्या गाडीत दम मात्र नव्हता. सहा सिलिंडरचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि दोन गिअरची ऑटोमॅटिक! डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना टिपण पाठवलं. आशय असा, की वेगाची हौस असलेली तरुण पोरं आज फोर्डभोवती गोळा होतात, त्यांना आपल्याकडे वळवायचं तर इंजिन आणि सुटे भाग त्यांच्या हातात द्यावे लागतील. पुढे १९६० मध्ये त्यांनी मध्यभागी इंजिन असलेली 'सर्व्ह-वन' ही प्रायोगिक गाडी बांधली, नंतरही त्याच धर्तीचे नमुने निघाले. दर वेळी घोडं पैशांवर अडलं. पुढे इंजिन असलेली कॉर्व्हेट धडाधड खपत असताना नवा खर्च कशाला, हा सवाल बिनतोड होता. डंटॉव्ह १९७५ मध्ये निवृत्त झाले, १९९६ मध्ये वारले. केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात त्यांच्या अस्थी आहेत, रस्त्यापलीकडेच कारखाना आहे. पुढाऱ्यांचे पुतळे पुष्कळ उभे राहतात. इंजिनिअरच्या वाट्याला असा मान क्वचित येतो.

या गाडीच्या चाहत्यांची कुरकुर मात्र गाडीइतकीच जुनी आहे. १९६३ च्या स्टिंग रे मॉडेलला मागची काच दुभंगलेली होती, मधून कण्यासारखी पट्टी गेलेली. मुख्य डिझायनर बिल मिचेल यांना ती जीव की प्राण, तर डंटॉव्ह यांना नकोशी, कारण मागचं दिसत नाही. वर्षभरात पट्टी गेली. काही मालकांनी हौसेने आपली पट्टी कापून १९६४ ची अखंड काच बसवून घेतली. आज त्याच एका वर्षाच्या दुभंग काचेच्या गाड्यांना मोठा भाव आहे. २०१४ च्या मॉडेलला गोलाऐवजी चौकोनी मागचे दिवे आले तेव्हाही असाच गहजब झाला होता.

मॅन्युअल गिअरची तक्रार त्याहून खोल आहे आणि ती थट्टेवारी नेणं बरं नाही. सी-एटमध्ये क्लचचं पेडलच नाही, आठ गिअरची दुहेरी क्लचची पेटी आपल्या आपण गिअर बदलते, फार तर स्टिअरिंगमागच्या पट्ट्या ओढायच्या. हाताने गिअर टाकण्यात जे सुख आहे ते मिलिसेकंदांच्या हिशेबात बसत नाही, हे दर्दींचं म्हणणं अगदी खरं. पण मागच्या पिढीत मॅन्युअलची सोय असतानाही बहुतेक गिऱ्हाइकांनी ऑटोमॅटिकच उचलली होती. तोंडाने मॅन्युअल मागायची आणि सही ऑटोमॅटिकच्या कागदावर करायची! इतक्या थोड्या संख्येसाठी वेगळी गिअरपेटी बनवून द्यायला पुरवठादार तयार नाहीत, असं मुख्य अभियंता टॅज युक्टर सांगत राहिले. शिवाय गिअरच्या दांड्याला वाट करून द्यायची तर गाडीच्या मधल्या कण्यालाच भोक पाडावं लागलं असतं.

कुठे चाहते बरोबर होते ते आत बसल्यावर कळतं. ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी यांच्यामध्ये एक उंच कड डॅशबोर्डपासून खाली उतरत येते आणि तिच्यावर एसीची बटणं एकाखाली एक ओळीने लावलेली. गरम-गार, पंखा, आसनाची ऊब, सगळं त्या उतरंडीवर. वळणावर नजर ठेवून त्यातलं नेमकं बटण शोधणं म्हणजे कसरत, आणि शेजारी बसलेलं माणूस भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात राहायला गेल्यासारखं. कोपरे चेपलेलं चौकोनी स्टिअरिंगही पुष्कळांना रुचलं नाही. सहा वर्षं ओरड झाल्यावर २०२६ च्या मॉडेलमध्ये ती बटणांची भिंत काढून टाकली गेली.

मागच्या डिकीत गोल्फच्या दोन पिशव्या मावल्या पाहिजेत, ही अट मात्र कंपनीने आधीपासून पाळली. अमेरिकेत या गाडीचे गिऱ्हाईक पुष्कळदा निवृत्तीच्या आसपासचे असतात, तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नाही. गंमत एवढीच, की छताचा काढता येणारा तुकडाही त्याच डिकीत ठेवायचा. म्हणजे ऊन खायचं की गोल्फ खेळायचं, ते घरूनच ठरवून निघायचं. डिकी इंजिनाला लागून असल्याने आतलं सामान कोमट होतं, ते वेगळंच.

आवाजावरून झालेलं भांडण सगळ्यांत सुरस. २०२१ मध्ये सी-एटची झेड-ओ-सिक्स ही आवृत्ती आली. तिचं साडेपाच लिटरचं व्ही-एट इंजिन टर्बोशिवाय ६७० हॉर्सपॉवर देतं आणि मिनिटाला ८,६०० फेऱ्यांपर्यंत चढतं. नेहमीच्या अमेरिकी व्ही-एटमध्ये क्रँकशाफ्टचे खिळे एकमेकांशी काटकोनात असतात, समोरून पाहिलं तर अधिक चिन्ह दिसतं. त्यामुळे एकेका बाजूच्या सिलिंडरांमधले स्फोट विषम अंतराने होतात आणि तो ओळखीचा, पोटातून येणारा गडगडाट निघतो. झेड-ओ-सिक्सचा क्रँक सपाट, खिळे एकाच पातळीत, म्हणून स्फोट समान अंतराने आणि आवाज टिपेचा. ही तर फेरारीची किंकाळी, आमची गडगड कुठे गेली, असं जुने लोक कुरकुरले. नव्यांच्या मते नुसत्या या इंजिनासाठीसुद्धा गाडी घ्यावी. या मुद्द्यावर नव्यांची बाजू घ्यायला हरकत नाही. यातलं प्रत्येक इंजिन एकच कारागीर हाताने उभं करतो.

उलट ई-रे ही आवृत्ती आवाज न करण्याची सोय घेऊन आली. पहिल्या कॉर्व्हेटच्या दर्शनाला ७० वर्षं झाली त्याच दिवशी, १७ जानेवारी २०२३ ला, ती जाहीर झाली. तिच्या पुढच्या चाकांना विजेची मोटर आहे. पहाटे शेजाऱ्यांची झोप न मोडता गल्लीबाहेर पडता यावं म्हणून थोडं अंतर ती नुसत्या विजेवर, चिडीचूप चालते.

महाराष्ट्राशी या गाडीचा संबंध आला तो हुकलेल्या गाठीसारखा. कारखान्यातूनच उजव्या बाजूला स्टिअरिंग घेऊन निघालेली पहिली कॉर्व्हेट ही सी-एट. जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांवर ती गेली. भारतात मात्र शेव्हरोलेने २०१७ अखेर विक्री बंद केली होती. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून त्यानंतर परदेशी बाजारांसाठी छोट्या गाड्या निघत राहिल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. ज्या वर्षी बोलिंग ग्रीनमध्ये सी-एटचं उत्पादन सुरू झालं, त्याच वर्षी मावळातली शेव्हरोलेची लाइन बंद पडली. तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

२०२४ ची नवी झेडआर-वन दोन टर्बो आणि १,०६४ हॉर्सपॉवर घेऊन आली. जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या चाचणी ट्रॅकवर जनरल मोटर्सचे अध्यक्ष मार्क रॉइस यांनी ती स्वतः ताशी ३७५ किलोमीटरपर्यंत पळवली. तिच्या मागच्या काचेवर कार्बन फायबरचा कणा आहे, डंटॉव्ह यांना खुपणाऱ्या १९६३ च्या पट्टीची आठवण म्हणून. पुढच्या वर्षी तिला ई-रेची विजेची जोड मिळून झेडआर-वन-एक्स झाली, १,२५० हॉर्सपॉवरची. दोन्ही गाड्या जर्मनीतल्याच नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर उतरवल्या गेल्या, चालवणारे कंपनीचेच इंजिनिअर. एका फेरीला एक्सला लागले ६ मिनिटं ४९.२७५ सेकंद, साध्या झेडआर-वनला ६ मिनिटं ५०.७६३.

फरक दीड सेकंदाचाही नाही. एवढ्यासाठी मोटर, बॅटरी आणि त्यांचं वजन कशाला वागवायचं, असं एका तटाचं म्हणणं आहे. दुसरा तट म्हणतो, पाऊस पडू द्या, मग विचारा.