जपानी गीतांची आद्याक्षरानुसार सूची

जपानी गीतांची आद्याक्षरानुसार सूची म्हणजे गीतांची शीर्षके त्यांच्या उच्चारातील पहिल्या अक्षरानुसार गटांत मांडण्याची पद्धत. गीतसंग्रह, ध्वनिमुद्रिकांचे सूचिग्रंथ, काराओकेची पुस्तके आणि ऑनलाइन विश्वकोश यांत ती वापरली जाते. अशा सूचीचा क्रम 'गोजूओन' (शब्दशः 'पन्नास ध्वनी') या वर्णक्रमावर आधारलेला असतो. मराठी अकारविल्हे सूचीशी तिचे बरेच साम्य आहे. मात्र मराठीत शीर्षक जसे लिहिले तसेच वाचले जात असल्याने पहिले अक्षर कोणते, हा प्रश्न उद्भवत नाही. जपानीत नेमका तोच प्रश्न सर्वांत अवघड ठरतो.

गोजूओन क्रम

गोजूओनमध्ये आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर प्रथम येतात. त्यानंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा आणि वा या व्यंजनांच्या ओळी येतात. नाव पन्नासाचे असले तरी काही जागा रिकाम्या असून आज प्रत्यक्षात ४६ मूळ अक्षरे वापरात आहेत.

देवनागरी जाणणाऱ्या वाचकाला हा क्रम परका वाटत नाही, आणि त्यामागे ऐतिहासिक कारण आहे. बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासासाठी जपानी भिक्षू सिद्धम् लिपी व संस्कृत वर्णमाला शिकत असत. त्या वर्णमालेच्या प्रभावातून गोजूओनची मांडणी झाली. कंठ्य 'का'नंतर 'सा' येतो, कारण प्राचीन जपानीत त्या ओळीचा उच्चार 'च'वर्गाच्या जवळचा होता असे मानले जाते. मूर्धन्य वर्ण जपानीत नसल्याने पुढे थेट 'ता' आणि त्याचा अनुनासिक 'ना' येतात. 'हा' ओळीचा मूळ उच्चार 'पा' असा होता; म्हणून ती 'प'वर्गाच्या जागी आहे आणि तिच्यामागोमाग 'मा' येतो. शेवटी या, रा, वा हे आपल्या य, र, ल, व या क्रमाचेच रूप आहे.

या क्रमाच्या बरोबरीने 'इरोहा' हा क्रमही प्रचारात होता. प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशा रीतीने रचलेल्या ४७ अक्षरांच्या एका जुन्या कवितेवरून तो घेतलेला आहे. ओत्सुकी फुमिहिको यांच्या 'गेंकाई' (१८८९–१८९१) या कोशाने गोजूओन क्रम स्वीकारला, आणि पुढे कोश व सूचींमध्ये तोच रूढ झाला. संगीतात मात्र इरोहा टिकून आहे. जपानी स्वरनामे इ, रो, हा, नि, हो, हे, तो अशी असून पाश्चात्त्य 'सी मेजर' या स्वरसप्तकाला तेथे 'हा' स्वरावरून नाव आहे.

शीर्षकाच्या वाचनाचा प्रश्न

जपानी शीर्षके कांजी (चिनी चित्राक्षरे), हिरागाना, काताकाना, रोमन लिपी आणि अंक यांपैकी कशातही लिहिलेली असू शकतात. एका कांजीचे अनेक उच्चार संभवतात. त्यामुळे शीर्षक डोळ्यांनी पाहून त्याचा गट ठरवता येत नाही; त्याचे 'योमी', म्हणजे वाचन, माहीत असावे लागते.

मासाशी सादा यांनी लिहिलेले आणि मोमोए यामागुची यांनी १९७७ साली गायलेले 'कोसुमोसु' हे गीत याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचे शीर्षक 'शरद' आणि 'चेरीचा बहर' या अर्थांच्या दोन कांजींनी लिहितात. त्यांचे सरळ वाचन 'आकिझाकुरा' होते, पण गीताचे नाव 'कॉसमॉस' या फुलाच्या नावाप्रमाणे वाचले जाते. म्हणून ते 'आ' गटात नसून 'को' गटात सापडते. एक्स या रॉक गटाच्या 'कुरेनाई' (१९८९) या गीताचे शीर्षक एकाच कांजीचे आहे. ती कांजी 'बेनी' अशीही वाचली जाते. तसे वाचणारा हे गीत भलत्याच गटात शोधत बसेल.

अंकांनी सुरू होणाऱ्या शीर्षकांनाही हेच लागू पडते. रेमिओरोमेन या गटाचे '३ मार्च' नव्हे, तर '९ मार्च' या तारखेवरचे गीत (२००४) लिहिताना महिन्याच्या अंकाने, म्हणजे ३ने, सुरू होते. त्याचे वाचन 'सांगात्सु कोकोनोका' असल्याने त्याची जागा 'सा' गटात आहे. हिदेकी साइजो यांच्या 'यंग मॅन' (१९७९) या गीताचे शीर्षक रोमन लिपीत असले तरी जपानी उच्चारानुसार ते 'या' गटात जाते.

उच्चारानुसार मांडणी केल्याचा लाभ एकाच नावाच्या गीतांबाबत दिसतो. नाओतारो मोरियामा (२००३), कोबुकुरो (२००५), केत्सुमेइशी (२००५) आणि इकिमोनोगाकारी (२००६) या सर्वांची 'साकुरा' नावाची गाणी गाजली. त्यांपैकी दोन हिरागानात, एक कांजीत आणि एक रोमन लिपीत लिहिले जाते. लिपीनुसार क्रम लावल्यास ती विखुरतात. वाचनानुसार लावल्यास शेजारी येतात. याच कारणाने जपानी विकिपीडियावर वर्गीकरणासाठी लेखाचे वाचन स्वतंत्रपणे नोंदवले जाते.

भाषांतरात गट बदलतो, हे सांगणे नकोच. क्यू साकामोतो यांचे 'उए ओ मुइते आरुको' (१९६१) जपानी सूचीत 'उ' गटात आहे. १९६३ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले, ते 'सुकियाकी' या नावाने. हे एका खाद्यपदार्थाचे नाव असून गीताशी त्याचा काही संबंध नाही.

घोष वर्ण आणि दीर्घ स्वर

मराठीत क आणि ग ही स्वतंत्र अक्षरे आहेत. जपानीत 'गा' हे 'का'लाच दोन रेघा जोडून लिहितात. त्यामुळे 'गा'ची गीते 'का' गटातच मिसळतात, तसेच 'बा' आणि 'पा' ही 'हा' गटात. बाकी सर्व अक्षरे सारखी असतील तरच घोष-अघोष भेद पाहिला जातो.

काताकानातील दीर्घत्वाच्या आडव्या रेघेबाबत सूचींमध्ये एकवाक्यता नाही. काही ठिकाणी ती आधीच्या स्वराची पुनरावृत्ती समजतात, काही ठिकाणी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. 'कोही रुम्बा' (१९६१) हे सचिको निशिदा यांचे गीत पहिल्या पद्धतीत 'कोसुमोसु'च्या आधी येते, दुसऱ्या पद्धतीत नंतर. १९९६च्या जेआयएस एक्स ४०६१ या मानकाने संगणकीय क्रमवारीचे नियम ठरवून दिले आहेत.

गटांचे असमान आकार

सर्व गट सारखे भरत नाहीत. मूळ जपानी शब्द 'र'ने सुरू होत नाहीत. परिणामी 'रा' ओळीत चिनी व पाश्चात्त्य उगमाच्या शब्दांचाच भरणा असतो: युद्धोत्तर काळात लोकप्रिय झालेले 'रिंगो नो उता' (सफरचंदाचे गाणे) किंवा द ब्लू हार्ट्सचे 'रिंदा रिंदा' (१९८७). अनुनासिक 'न्'ने जपानी शब्द सुरू होत नसल्याने तो गट बहुधा रिकामाच राहतो. आपल्या अंताक्षरीसारख्या 'शिरितोरी' खेळात 'न्'ने संपणारा शब्द उच्चारणारा हरतो, तो यामुळेच.

जपानीत 'उता' या शब्दाचा अर्थ गीत आणि कविता असा दोन्ही आहे. 'ह्याकुनिन इश्शु' या मध्ययुगीन संग्रहातील शंभर कविता कारुता या पत्त्यांच्या खेळात आद्याक्षरावरून ओळखतात. 'आ'ने सुरू होणाऱ्या कविता १६ आहेत. मु, सु, मे, फु, सा, हो, से या सात अक्षरांनी मात्र प्रत्येकी एकच कविता सुरू होते, त्यामुळे पहिले अक्षर कानी पडताच खेळाडू पत्ता उचलतात.

काराओके

१९७१ साली कोबे येथे दाइसुके इनोउए यांनी काराओके यंत्र तयार केले. या करमणुकीचा प्रसार झाल्यावर आद्याक्षर सूची घराबाहेरही सामान्य माणसाच्या हाती आली. काराओकेच्या खोलीत जाडजूड पुस्तके ठेवलेली असत. एकात शीर्षके आणि दुसऱ्यात गायकांची नावे गोजूओन क्रमाने छापलेली असत. ग्राहक सूचीतील क्रमांक यंत्राला देई. पुढे या पुस्तकांची जागा स्पर्शपटलाच्या उपकरणांनी घेतली, तरी त्यांच्या पडद्यावरही काना अक्षरांचा तोच तक्ता दिसतो. शीर्षकासमोर गाण्याचे सुरुवातीचे काही शब्दही छापण्याची प्रथा होती. एकाच नावाच्या गाण्यांतून हवे ते गाणे निवडताना त्यांचा उपयोग होत असे.