कुसळ, कुंदा आणि सरहद्द

दसऱ्याच्या आसपास बिदर जिल्ह्यातल्या औराद, भालकी, बसवकल्याणकडच्या माळांवर गवत फुलोऱ्यात असतं. थोड्याच दिवसांत ते पिवळं पडतं, कुसळं गळतात, विळा फिरतो आणि उरलंसुरलं जनावरं फस्त करतात. गवताचे नमुने गोळा करणाऱ्याला मिळतो तो एवढाच अवधी, कारण फुलोरा नसेल तर जाणकारही अडखळतो. पाती बहुतेकांची सारखीच दिसतात. खरा फरक कणिशकात, म्हणजे फुलोऱ्याच्या लहानशा घटकात असतो, आणि तो बऱ्याचदा भिंगाखालीच नीट कळतो.

हा मुलूख वाळवंट नाही, पण पाण्याला पारखा आहे. बिदरचं पठार लाल जांभ्याचं, त्यावर मातीचा थर पातळ. कलबुरगीकडे उतरावं तशी काळी जमीन लागते, आणि दोन्हीकडची गवतं वेगळी. खडकाळ उतारावर कुसळीचं राज्य. तिच्या बीला लांब शेपटी असते. ती ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातूनच बी जमिनीत शिरतं. मेंढीच्या लोकरीतून कातडीतही शिरतं, म्हणून कुसळी पिकली की मेंढपाळ तो माळ टाळतो. काळ्या रानात मात्र शेतकऱ्याला घाम फोडतो तो कुंदा. खोल पसरलेल्या खोडाचा तुकडा जरी मागे राहिला तरी तो पुन्हा वर येतो.

हेच खोड नमुन्यात यावं लागतं. वरवर ओरबाडलेली मूठभर काडी अभ्यासाला फारशी उपयोगी नाही. वनस्पती मुळासकट खणायची, माती झटकायची आणि वर्तमानपत्रात दाबायची. संग्रहाचा कागद साधारण 42 सेंटिमीटर लांब, 28 रुंद. कमरेएवढं गवत त्यावर मावायचं कसं? ताटाला दोन-तीन घड्या घालून. वर्तमानपत्रं रोज बदलायची, नाहीतर बुरशी धरते. हवेत पावसाळ्याचा दमटपणा उरलेला असला तर हे काम सर्वांत कंटाळवाणं.

त्याहून महत्त्वाची चिठ्ठी. गाव, तारीख, माती, उतार, गोळा करणाऱ्याचा क्रमांक, लोक वापरतात ते नाव. इथे एकाच शिवारात कुणी हरळी म्हणतं, कुणी गरिके, दोन्ही लिहायची. वाळल्यावर उडून जाणारा फुलोऱ्याचा रंग तर जागेवरच टिपावा लागतो. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे निव्वळ वैरण.

या भागाची नोंद उशिरा झाली, त्यात दोष गवताचा नाही, नकाशाचा आहे. टी. कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पती ग्रंथबद्ध केल्या. 1935 मध्ये ब्लॅटर आणि मॅकॅन यांचा ‘द बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ आला. त्यातली चित्रं रा. कृ. भिडे यांची, ज्यांच्यावरून गवताच्या एका प्रजातीला ‘भिडिया’ नाव मिळालं. पलीकडे मद्रास इलाख्याचा स्वतंत्र ग्रंथ होता. बिदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुरगी) मात्र निजामाच्या राज्यात, म्हणजे या तिन्ही ग्रंथांच्या कुंपणाबाहेर. कुसळीला सरहद्द ठाऊक नसली तरी ग्रंथकारांना ती पाळावी लागली. पुढे 1980 मध्ये गुलबर्गा विद्यापीठ झालं आणि 2000 साली सीताराम, कोत्रेश व उप्लावणकर यांचा गुलबर्गा जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ त्याच विद्यापीठाने काढला.

सरहद्दीचा घोळ जुन्या चिठ्ठ्यांतही डोकावतो. 1956 पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबादला जोडले गेले आणि 1982 पासून लातूरचे झाले. त्यामुळे त्या काळातल्या एखाद्या चिठ्ठीवर नुसतं ‘बिदर जिल्हा’ लिहिलेलं असेल, तर ते गवत आज कर्नाटकच्या यादीत घालायचं की महाराष्ट्राच्या, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. आता गावाच्या नावाशेजारी अक्षांश-रेखांशही लिहितात.