विश्लेषण : खोकला नसतानाही नवजात बाळाला न्यूमोनिया? तो कसा ओळखावा?

न्यूमोनिया म्हटले की खोकला आणि ताप आठवतो. पहिल्या २८ दिवसांच्या बाळात मात्र ही दोन्ही लक्षणे नसू शकतात. बाळ दूध ओढेनासे होते, धाप लागते आणि काही तासांत प्रकृती गंभीर होऊ शकते.

संसर्ग कसा होतो?

पाणमोट फुटून १८ तासांहून अधिक काळ लोटला किंवा आईला ताप असला, तर जन्मावेळीच जंतू बाळाच्या फुप्फुसांत शिरू शकतात. नंतरचा संसर्ग अस्वच्छ हात, आजारी माणसे किंवा रुग्णालयातील उपकरणांमधून होतो. क्लेब्सिएला, ई-कोलाय, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू भारतीय रुग्णालयांत वारंवार आढळतात. मुदतीआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना धोका अधिक.

धोक्याची लक्षणे कोणती?

मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे; ६० किंवा अधिक आल्यास पुन्हा मोजून खात्री करावी. नवजाताचा श्वास अनियमित असल्याने अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही. छाती आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, ओठ निळे पडणे, सुस्ती हीदेखील लक्षणे. अंग गार पडणे तापाइतकेच गंभीर.

प्रत्येक धाप म्हणजे न्यूमोनिया का?

नाही. फुप्फुसात राहिलेले पाणी, अपुरी वाढ किंवा हृदयदोषामुळेही धाप लागते. हा फरक एक्स-रे आणि रक्ततपासणीनंतर डॉक्टरच ठरवतात. तोवर प्राणवायू आणि प्रतिजैविकांची इंजेक्शने सुरू केली जातात.

गडचिरोलीने काय दाखवले?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या महिलांना नवजाताची तपासणी व उपचार शिकवले. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी भेटी देतात.

पालकांनी काय करावे?

लक्षण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटेत बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून उबदार ठेवावे. नाकात तेल, घुटी, धुरी टाळावी. सरकारी रुग्णालयात आजारी नवजातावरील उपचार मोफत आहेत. खर्चाच्या काळजीने सकाळची वाट पाहू नये.