पेशंट मासा, तपासणी पाण्याची

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची टाकी. काठोकाठ भरली तर ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता उरतं पंचेचाळीसेक लिटर. बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात अशी टाकी आणि तिच्यात तीन-चार गोल्डफिश, हे नेहमीचं दृश्य. एके सकाळी त्यातला एक पृष्ठभागाशी येऊन आ वासत राहतो, दुसरा पर मिटून तळाशी बसतो. अंगावर डाग नाही, जखम नाही. काल रात्री तर दाण्यांवर तुटून पडत होते! मग दुकानदाराला फोटो जातो आणि घरी निळ्या नाहीतर हिरव्या औषधाची बाटली येते.

घोडं पेंड खातं ते इथे. मिथिलीन ब्लू किंवा मॅलाकाइट ग्रीन ही औषधं बुरशीवर आणि काही परजीवींवर चालतात. आ वासणाऱ्या माशाला बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. तो ज्यात श्वास घेतोय ते पाणीच बिघडलेलं असतं, आणि वरून मिथिलीन ब्लू पडलं की ते सुधारणारे फिल्टरमधले जिवाणूही मरतात.

हे जिवाणू म्हणजे टाकीचं पोट. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेले दाणे कुजूनही अमोनियाच होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं बरंच कमी घातक नायट्रेट. नव्या टाकीत ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून टाकी आणल्यापासून महिन्याभरात मासे मरण्याच्या तक्रारी इतक्या. फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याखाली स्वच्छ धुवायची हौस असेल, तर जुनी टाकीही पुन्हा नवी होते.

खरी गंमत पुढेच आहे. अमोनिया किती विषारी, हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो; पीएच ८ झाला की सुमारे पाच टक्के. पाणी न बदललेल्या जुन्या टाकीचा पीएच हळूहळू उतरत जातो, अमोनिया साठला तरी निरुपद्रवी रूपात पडून राहतो आणि मासे तग धरतात. मग एका रविवारी मालक अर्धं पाणी बदलतो, नवं पाणी अल्कधर्मी निघतं आणि काही तासांत तोच अमोनिया विष होतो. ‘चांगलं ताजं पाणी घातलं आणि मासे गेले’ या कोड्याचं हे एक उत्तर.

बंगळुरूत तर या कोड्याला आणखी एक पदर आहे. नळाला येणारं कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून वर चढवलेलं, क्लोरिन घातलेलं. त्याच्या जोडीला अपार्टमेंटची बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. तिन्ही एकाच संपमध्ये, म्हणजे इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत, पडतात आणि आज नळाला काय आलं ते चौथ्या मजल्यावर कुणालाच कळत नाही. २०२४ च्या मार्चमधल्या टंचाईत तर शहरातल्या हजारो बोअर आटल्या होत्या. त्यामुळे मासा आजारी पडला की पहिला प्रश्न वॉचमनला विचारावा: या आठवड्यात टँकर आला होता का?

दुसरा प्रश्न टेस्ट किटला. परीक्षानळीत टाकीतलं ५ मिलिलिटर पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, पाच-दहा मिनिटं थांबायचं. नेहमीच्या अमोनिया किटमध्ये पिवळा रंग टिकला तर ठीक, हिरवट झाला तर निदान झालं. नायट्राइट वाढलं असेल तर माशाचं रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि एरवी लालभडक दिसणारे कल्ले तपकिरी पडतात. अशा वेळी थोडं साधं मीठ उपयोगी पडतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. क्लोरिनवर सोडियम थायोसल्फेटचे थेंब आहेतच.

पाणी निर्दोष निघालं, तरच माशाकडे वळायचं. अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर तो ‘इक’ नावाचा परजीवी. तो कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला शिवत नाही. बाहेर पडून पिल्लं पाण्यात पोहू लागली की मगच मरतात. बंगळुरूच्या डिसेंबर-जानेवारीत, हीटर नसलेल्या टाकीत हे चक्र लांबतं, म्हणून ठिपके गेले तरी औषध लगेच थांबवायचं नसतं. खवले ताठ उभे राहून पोट फुगलं तर दुकानात ‘ड्रॉप्सी’ म्हणतात. ते लक्षण झालं. कारण मूत्रपिंडात असेल किंवा जिवाणूंत.

अँटिबायोटिकचा अंदाजपंचे मारा किती फसवा, ते पश्चिम बंगालमधल्या गोल्डफिशच्या साथीत दिसलं. मेलेल्या माशांत अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारे एरोमोनास जिवाणू सापडले, पण तपास तिथे थांबला नाही. पीसीआर चाचणीत गोल्डफिशला होणारा हर्पीस विषाणूही निघाला. शोभेच्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या शेतीत विषाणूची साथ आल्याचा भारतातला हा पहिला पुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा तपासणीसाठी प्रयोगशाळेला हवा असतो मरणासन्न पण जिवंत मासा, टाकीतल्या पाण्यासकट. मेलाच असेल तर पिशवीत घालून बर्फावर. फ्रीझरमध्ये नको, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं फारसं उरत नाही.

आणि टाकीत हात घालण्यापूर्वी बोटाला कापलेलं नाही ना, हे बघावं. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद सापडला, मायकोबॅक्टेरियम मरीनम. जखमेतून तो माणसाच्या हातात शिरतो आणि महिनोन्‌महिने न बरी होणारी गाठ उठवतो. प्रयोगशाळेत नमुने सहसा ३७ अंशांवर वाढवतात. हा जंतू मात्र ३० अंशांच्या आसपास वाढतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर घरात माशांची टाकी आहे, हे पेशंटनं आपणहून सांगावं लागतं.