शरीरशास्त्रातील दिशावाचक संज्ञा
शरीरातील अवयवांचे स्थान व हालचाल निःसंदिग्धपणे सांगण्यासाठी संस्कृतच्या आधारे घडविलेले शब्द. रुग्ण आडवा झाला की ‘वर’ कोणते, हे व्यवहारातील भाषा सांगू शकत नाही. म्हणून ताठ उभी, समोर पाहणारी, तळहात पुढे केलेली व्यक्ती प्रमाण मानतात. तीनुसार पुढचे ते अग्र, मागचे ते पश्च. अवयवाच्या मुळाजवळचे समीपस्थ, लांबचे दूरस्थ. कोपर मनगटाहून समीपस्थ असते. हात धडापासून दूर नेणे हे अपवर्तन. ‘डावे’ म्हणजे नेहमी रुग्णाचे डावे; येथे गफलत झाल्यास शस्त्रक्रिया भलत्याच बाजूस होऊ शकते. सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयासह (स्थापना १९९०) सर्वत्र अध्यापन इंग्रजीतून होत असल्याने हे शब्द बहुधा कोशांतच राहिले. ‘अपवर्तन’ समजावून सांगावे लागते, ‘समीपस्थ’ मात्र ऐकताच कळतो.