गार करा, मग गाळा

सायकलच्या चाकात हातपंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हे आपण सर्वांनी अनुभवलेलं आहे. हवा दाबली की ती तापते. आज जे सांगायचं आहे, त्यातलं अर्धं त्या गरम टोकातच आहे.

घराच्या गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत लहानसा कॉम्प्रेसर ठेवणारे हौशी लोक पुष्कळ असतात. कुणी जुनी स्कूटर रंगवतं, कुणी लाकडी खेळणी. मीही त्यातलाच. एका जुलै महिन्यात लोखंडी कपाट रंगवायला काढलं. पहिला हात सुरेख बसला. दुसऱ्या हाताला मात्र गनमधून रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडाले आणि दारावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले. मी कॉम्प्रेसरला नावं ठेवत होतो, तेवढ्यात शेजारच्या गॅरेजमधले मिस्त्री आले. म्हणाले, "काका, मशीन पाणी बनवत नाही. पाणी हवेतच आहे, तुम्ही ते पिळून काढलंत."

अगदी बरोबर. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा वाफेच्या रूपात जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी धरते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के असेल, तर २४ ग्रॅम असतंच. अशी ८ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली, म्हणजे मीटरवर ७ बार, आपल्या बोलण्यातले १०० पौंड, तर पाणी झालं १९२ ग्रॅम. गार झाल्यावर त्या जागेत मावणार फक्त ३०. बाकीच्याचं पाणी होणार. मिनिटाला २०० लिटर हवा ओढणारं मशीन तासभर चाललं, तर जवळजवळ पाव लिटर!

'गार झाल्यावर' हे शब्द मात्र विसरू नका. पंपातून निघालेली हवा पाणी उकळेल त्याहूनही गरम असते, आणि गरम हवेत ही वाफ सुखानं मावते. थोडं काम असेल तेव्हा टाकीतच हवा गार होते, पाणी तळाशी बसतं. पण रंगकाम सलग चालतं. टाकीला गार व्हायला उसंत नसते, आणि गरम हवा तशीच नळीत जाते. मी गाळणी, म्हणजे पाणी अडवणारा काचेच्या वाटीचा फिल्टर, कॉम्प्रेसरलाच बसवला होता. त्यातून वाफ आरामात पार झाली आणि पुढे पंचवीस फूट नळीत गार होऊन तिचं पाणी झालं, थेट गनच्या तोंडाशी. गाळणी थेंब अडवते, वाफ नाही.

तेव्हा उपाय उघड आहे. टाकीनंतर तांब्याच्या नळीची वेटोळी करा, ती पाण्याच्या बादलीत बुडवा, जमल्यास बर्फ टाका, आणि गाळणी त्या वेटोळ्याच्या लगेच पुढे लावा. गारठलेल्या हवेतलं पाणी तिथं पडतं. पुढे नळीत हवा पुन्हा कोमट झाली, की तिच्यात आणखी वाफ मावेल एवढी जागा असते, त्यामुळे नवं पाणी सुटत नाही. नळी आणि जोड दाब सोसणारेच घ्या. भिंतीवरून लाइन नेणार असाल, तर तिला थोडा उतार द्या आणि फाटे पाइपच्या वरच्या अंगानं काढा, म्हणजे तळाचं पाणी फाट्यात उतरत नाही. घरातल्या नळाचा पांढरा पीव्हीसी पाइप मात्र या कामाला अजिबात नको. हवेच्या दाबानं तो फुटला, की काचेसारखे तुकडे उडतात.

त्याहूनही कोरडी हवा हवी असेल, तर सिलिका जेलची नळी गाळणीच्या पुढे. आधी लावली, तर तासाभरात भिजून बसेल. निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात. त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो विषारी आहे. म्हणून ते वाळवायला स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नका.

रंग बिघडला तर पुन्हा घासता येतो. टाकीचं तसं नाही. तळाशी साचलेलं पाणी लोखंडाला आतून खातं, बाहेरून रंग छान दिसत असताना. पत्रा पातळ झाला, की ७ बारच्या दाबानं टाकी फाटते, आणि ते बॉम्बपेक्षा फार वेगळं नसतं. काम संपलं की दाब उतरवायचा, थोडा उरला असताना तळाचा कॉक उघडायचा आणि रात्रभर उघडाच ठेवायचा. कुठं सुईएवढं भोक दिसलं, तर वेल्डिंगचा ठिगळ लावून घेण्याचा मोह आवरा. एक भोक दिसतं तिथं आजूबाजूचा पत्राही गेलेला असतो. ती टाकी भंगारातच द्या. सेफ्टी व्हॉल्व्ह अधूनमधून ओढून पाहा, तो जाम झालेला नसावा.

आणि हो, कॉकमधून निघणारं पाणी दुधासारखं दिसतं, कारण त्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळलेलं असतं. आमच्याकडे एकदा ते जास्वंदीच्या कुंडीत गेलं. आता मी ते जुन्या डब्यात साठवतो.