वर्ल्ड बँकेचा पैसा फुकटचा नाही

'वर्ल्ड बँकेचा पैसा हाय, आपल्या बापाचं काय जातंय? घ्या करून!' पोकराचा विषय निघाला की जालना जिल्ह्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. मोंढ्यात ऐकू येतं, चहाच्या टपरीवर येतं आणि ग्रामसभेतही येतं. शिकलेसवरलेले लोकही त्यावर मान डोलावतात, तेव्हा मात्र राग येतो. कारण पैसा फुकटचा आहे असं एकदा मनात बसलं, की त्याचा हिशेब कोणी मागत नाही आणि तो आधी कशावर खर्च व्हावा, यावर कोणी भांडत नाही.

आधी पैशाचं पाहू. पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. बदलत्या हवामानात शेती टिकावी म्हणून 2018 मध्ये तो 15 जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांसाठी सुरू झाला. त्यात मराठवाड्यातले आठही जिल्हे होते. जागतिक बँकेच्या संचालक मंडळानं फेब्रुवारी 2018 मध्ये त्यासाठी 42 कोटी डॉलर मंजूर केले, आणि ते कर्ज म्हणून. बँकेनं तेव्हा काढलेल्या पत्रकातच लिहिलं आहे : परतफेडीची मुदत 24 वर्षं, त्यातली पहिली सहा वर्षं सवलतीची. प्रकल्पाच्या खर्चात साधारण 70 टक्के वाटा या कर्जाचा आणि 30 टक्के राज्य सरकारचा होता. म्हणजे 30 टक्के आपल्या आजच्या करातून आणि 70 टक्के उद्याच्या करातून. 2018 साली पहिलीत बसलेलं पोरगं तिशीला टेकेल, तेव्हा या कर्जाचे शेवटचे हप्ते जात असतील.

सोसायटीतून उचललेलं पीककर्ज कोणी बक्षीस समजत नाही. व्याज कमी आहे म्हणून ते बियाण्याऐवजी भलतीकडे उडवणाऱ्याला गाव शहाणा म्हणत नाही. मग हाच हिशेब सरकारी कर्जाला का लागू होत नाही?

यात डॉलरचाही भाग आहे. 2005 पासून अशी विदेशी कर्जं केंद्र सरकार बहुतेक राज्यांकडे आहे त्याच अटींवर पुढे देतं. म्हणजे व्याज राज्याचं, मुद्दल राज्याचं आणि रुपया घसरला तर वाढणारा बोजाही राज्याचाच. 2018 च्या सुरुवातीला डॉलर 65 रुपयांच्या आसपास होता, 2024 मध्ये तो 83 च्या वर गेला. कर्जाचे पैसे टप्प्याटप्प्यानं येतात, त्यामुळे नंतरच्या डॉलरचे रुपयेही जास्त मिळतात, हे खरं. पण परतफेड त्याहून पुष्कळ लांबवर चालते.

या समजुतीचा दुसरा अर्धा भाग असा : 'सगळं वरूनच ठरतं, गावाच्या हातात काय?' हा भाग अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच जास्त घातक. छोट्या शेतकऱ्याची शेती हवामानाच्या माऱ्यात तगावी आणि फायद्याचीही व्हावी, हे प्रकल्पाचं उद्दिष्ट करारात ठरतं. कोणत्या घटकाला किती टक्के अनुदान, हे मुंबईत ठरतं. पण आपल्या शिवारात आधी काय आणि कुठे, हा क्रम लावण्याची जागा गावातच ठेवलेली आहे. त्यासाठी सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती असते. सूक्ष्म नियोजनात शिवारफेरी होते, नकाशा काढला जातो, पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. ताळेबंदाची पद्धत बसवायला आयआयटी मुंबईची मदत घेतली आहे. त्यातून तयार झालेला आराखडा ग्रामसभेपुढे मंजुरीला येतो. या सभेला जो येत नाही, त्याच्या वाट्याचा निर्णय आलेल्यांपैकी कोणीतरी घेतो.

हा क्रम चुकला तर काय होतं, ते शेततळ्याच्या आकड्यांत पाहा. वर 30 बाय 30 मीटर आणि तीन मीटर खोल तळं, बाजूंना एकास एक उतार धरला तर, 2196 घनमीटरचं होतं. म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी. एका हेक्टरवर वर्षात 650 मिलिमीटर पाऊस पडला तर तो 65 लाख लिटर होतो. त्यातला मोठा हिस्सा बाष्पीभवनात आणि पिकांत जातो, काही ओढ्यानं वाहून जातो आणि थोडाच जमिनीत मुरतो. आता प्लॅस्टिक अंथरलेलं तळं पावसाच्या वाहत्या पाण्यानं न भरता विहिरीवरची मोटर लावून भरलं, तर जमिनीखाली सगळ्या गावासाठी साठलेलं पाणी एकाच्या नावावर उघड्यावर आलं, आणि उन्हाळ्यात त्यातलं बरंच हवेत उडालं. अशी दहा तळी म्हणजे सव्वादोन कोटी लिटरच्या आसपास. हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. ईश्वर काळे यांनी 2017 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या अशाच वापरावर बोट ठेवलं होतं. ताळेबंद मांडायचा तो याचसाठी : पाणी मुरवण्याची कामं आधी, उपसून साठवण्याची नंतर.

हे पुस्तकी वाटत असेल तर जालना तालुक्यातलं कडवंची पाहा. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली 1990 च्या दशकात तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं. पैसा जर्मन सरकारचा, आला तो नाबार्डमार्फत. तो तर अनुदानच होता, तरी गावाला फुकट मिळाला नाही. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी या कार्यक्रमाच्या अटी होत्या. काम माथ्यापासून पायथ्याकडे झालं. शेततळी आणि द्राक्षबागा त्यानंतर वाढल्या. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, तेव्हा कडवंचीनं द्राक्षं जगवली. पैसा परदेशी होता, पण गाव तगलं ते कामाचा क्रम बरोबर लावल्यामुळे.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

गैरसमज : जागतिक बँक ही अमेरिकेची बँक आहे.
वस्तुस्थिती : 189 देश तिचे सभासद आहेत. मतं भांडवलाच्या प्रमाणात असल्यानं अमेरिकेचं वजन सर्वांत जास्त आहे, पण मालकी एकट्या अमेरिकेची नाही. 1944 साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ही बँक ठरली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. भारत पहिल्यापासून सभासद आहे.

गैरसमज : राज्य सरकार परस्पर परदेशातून कर्ज काढतं.
वस्तुस्थिती : राज्यघटनेच्या कलम 293 नुसार राज्याला फक्त देशात कर्ज घेता येतं. विदेशी कर्ज केंद्रामार्फतच येतं आणि त्याच्या खर्चाची तरतूद विधिमंडळात मंजूर होते.

गैरसमज : नाव लागलं की पैसे खात्यात.
वस्तुस्थिती : ऑनलाइन अर्ज, समितीची मान्यता, पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशानं काम, बिलं, मोका तपासणी आणि शेवटी आधार जोडलेल्या खात्यात अनुदान. पूर्वसंमतीआधी केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत.

गैरसमज : मोठ्या बागायतदारांचीच सोय आहे.
वस्तुस्थिती : पहिल्या टप्प्यात बहुतेक घटकांना दोन हेक्टरपर्यंत 75 टक्के आणि दोन ते पाच हेक्टरला 65 टक्के अनुदान होतं. अडचण वेगळीच आहे : आधी खर्च करायला ज्याच्याकडे पैसा नाही, तो मागे राहतो. हा प्रश्न खरा आहे आणि तो ग्रामसभेत मोठ्यानं विचारला पाहिजे.

गैरसमज : पोकरा म्हणजे शेततळी.
वस्तुस्थिती : ठिबक, फळबाग, शेडनेट, तुती आणि रेशीम, बांधबंदिस्ती, गटांची अवजारं, भूमिहीनांसाठी शेळीपालन, असे कितीतरी घटक यादीत आहेत.

पोकराचा दुसरा टप्पा 21 जिल्ह्यांसाठी आहे, त्यात जालनाही आहे, आणि तोही जागतिक बँकेच्या कर्जावरच उभा आहे. तुमचं गाव यादीत असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा आणि तीन कागद मागा : गावाचा आराखडा, पाण्याचा ताळेबंद आणि लाभार्थ्यांची यादी. पहिल्या दोन कागदांशी तिसरा जुळत नसेल, तर तिथेच उभं राहून विचारा. हप्ते तुम्ही आणि तुमची पोरं भरणार आहात. खर्चाचा क्रमही तुम्हीच ठरवा.